खांड पडली की हाक मारायची

इकडे ये, अनू, अशी लांब बसू नकोस. लिहितानासुद्धा मी तुला समोर बसवूनच लिहिते, नाहीतर माझ्या हातून एक ओळ उतरत नाही. सीवूड्सपासून जुईनगर म्हणजे दोन स्टेशनं, आणि गणपतीनंतर तू एकदाही फिरकली नाहीस. बरं, नाही आलीस तर नाही. पण काल फोनवर काय सांगितलंस? नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका करायला म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीतरी फुकट उतरवून घेतलंस. वर म्हणतेस, 'काही होत नाही गं मावशी, सगळेच करतात.' सगळे काय करतात ते मला नको सांगूस. मी केलं होतं. त्यातून मला बाहेर काढलं ते हिराजीभाऊंनी. तू त्यांना कधी पाहिलं नाहीस. आणि त्यांनी सांगितलेलं एक काम माझ्याकडून अजून पुरं झालेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

हिराजीभाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम कुणाच्या ना कुणाच्या घरची इंटरनेटची वायर असायची. कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोलावलं की ते तपासून बघायचे, आणि आत काही वाईट सापडलं तर वायर उपसून, गुंडाळून, खिशात घालून घरी घेऊन जायचे. लोक भांडायचे. 'अहो भाऊ, वायर आमची आहे.' ते म्हणायचे, 'तुमचीच हाय. पन तुमच्याजवल ठेवली तर तुमी रातच्याला परत लावाल. मी वलखतो तुमाला.' मशीन साफ होईपर्यंत वायर परत मिळायची नाही. बाजारात भेटले तरी खिशातून निळं-पिवळं टोक डोकावत असायचं आणि आम्ही बायका ओळखायचो, आज कुणाच्या घरी दुखणं आहे.

माणूस इथलाच, जुन्या गावातला, आगरी. वडिलांची खाडीलगत खाजणाची भातशेती, आणि भाताचा हंगाम सरला की मिठागरावर काम. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा हे तरुण होते. मग रसायनाच्या एका कंपनीत लागले. मीटरचे काटे बघायचे आणि कागदावर लिहायचे, एवढंच काम. कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला एक मेलेला कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला. सहा महिने तो उघडला आणि बंद केला, उघडला आणि बंद केला. एक दिवस तो चालू झाला. शिकलात कुठे असं मी विचारलं तर म्हणाले, 'मी म्याट्रिक नाय, बाय. पन मशीन तरी कुठं म्याट्रिक हाय?' घराच्या ओट्याला लागून एक खोली, तिथे दुकान. पाटी नव्हती. 'पाटी वाचून येनाऱ्याला घाई असते,' म्हणायचे.

आता माझं सांगते. तुझे काका रिटायर झाल्यावर मी हॉलमध्ये वधूवर केंद्र सुरू केलं, हे तुला माहीत आहे. कॉम्प्युटर मी चोपन्नाव्या वर्षी शिकले, शेजारच्या मुलीकडून, वहीत बाण काढून काढून. दोन वर्षांत अडीचशे घरांची माहिती माझ्या मशीनमध्ये जमली. फोटो, पत्ते, पगार, पत्रिका. आणि त्याशिवाय एक फाइल होती, माझ्या स्वतःच्या टिपांची. त्यात लोक कानात सांगतात ते. कुणाचं आधी मोडलंय, कुणाचा बाप पितो, कुणाला घरात राहवत नाही म्हणून लग्न करायचंय. मला वाटायचं, स्थळ बघताना हे लक्षात असलेलं बरं, म्हणजे चुकीच्या घरात मुलगी जाणार नाही. माझा हेतू वाईट नव्हता. पण हेतूचं काय घेऊन बसायचं.

गुण जुळवायला मी गुरुजींकडे जायची, प्रत्येक पत्रिकेला हेलपाटा. आम्हा केंद्रवाल्या बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात एकीने पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर टाकलं. एरवी पैसे पडतात, इथे फुकट. खाली सूचना होती, आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर कुंडली उघडत नाही. मला काही वावगं वाटलं नाही. सोवळ्यातल्या कामाला काही गोष्टी बाजूला ठेवतातच, तसं वाटलं. दसऱ्याचा मुहूर्त धरला. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, अँटीव्हायरस बंद केला आणि सॉफ्टवेअर घातलं. कुंडली सुरेख उघडली, रंगीत. त्या दिवशी मी पाच जोड्या जुळवल्या आणि श्रीखंड खाल्लं.

तीन महिने काहीच झालं नाही. मशीन जरा सुस्त वाटायचं, मी म्हटलं, माझ्यासारखंच वय झालं असेल.

मग एक दिवस दुपारी दिवाळे गावच्या नर्मदाबाई आल्या. मासे विकून टोपली घेऊनच आल्या, चपला दारात न काढता. त्यांची मुलगी नर्स, तिचं नाव माझ्याकडे होतं.

'काय गो, तुज्या पोटात काय ऱ्हात नाय काय?' त्या म्हणाल्या.

'अहो, झालं काय?'

'जहाजावरचा इंजिनेर हाय म्हनं. आठ दिवस फोन करतंय. माज्या पोरीला पहिला साखरपुडा कशापायी मोडला ते त्याला ठाव हाय. मी ते तुज्या कानात सांगितलेलं. माज्या सख्ख्या जावेला पन ठाव नाय.'

मी देवाशपथ सांगितलं, मी कुणाला बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'मग भिंतीनं सांगितलं.' आणि गेल्या. ती गोष्ट माझ्या टिपांच्या फाइलशिवाय कुठेच नव्हती. अनू, माणसाने चोरी केली नसताना चोर ठरणं काय असतं, ते मला त्या दुपारी कळलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, पुढे बघ.

दुसऱ्या दिवशी मी बोलावलं म्हणून हिराजीभाऊ आले. मी म्हटलं, बघा हो याला काय झालंय. ते मशीनला हातच लावेनात. आधी खुर्चीत बसले, चहा मागितला आणि मला म्हणाले, 'याच्यावर काय काय केलास ते सांग. दसऱ्यापासून नको, त्याच्या आधीपासून सांग.' मी सांगत गेले. अँटीव्हायरस बंद केला असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. ओरडले नाहीत. म्हणाले, 'तो कोनाला नको व्हता, कुंडलीला का चोराला?'

मग त्यांनी उघडं होतं ते सगळं बंद करायला लावलं, आणि म्हणाले, 'आता आपुन दोघं गप बसू. हात लावू नको. यो गप बसतो का बघू.' आम्ही दोघं मशीनसमोर पूजेला बसल्यासारखे बसलो. खोलीत आवाज नाही. आणि कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीवरचा दिवा लुकलुकायला लागला. थांबायचा, परत भराभरा लुकलुकायचा.

'घरात कोन बोलत नाय,' भाऊ म्हणाले, 'मंग यो कोनाशी बोलतो?'

मग त्यांनी एक काळी खिडकी उघडून त्यात काहीतरी लिहिलं. ओळीच ओळी आल्या. आपलं मशीन या घडीला कुठल्या कुठल्या मशीनशी जोडलेलं आहे, त्याची ती यादी. त्यातली एक ओळ बोटाने दाखवून म्हणाले, 'यो बघ. नाव विंडोजसारखा घेतलाय. सरकारी टोपी घालून घरात बसलाय.' आणि वायर उपसून खिशात घातली.

मी म्हटलं, 'भाऊ, पण काहीच बिघडलं नव्हतं. व्हायरस असता तर बंद नसतं का पडलं?'

'तो निराला,' ते म्हणाले. 'यो मोडतोड करत नाय. याला रोज यायचा हाय. रोज येनारा चोर घराची कौलं फोडत नाय, उलट कडी नीट लावून जातो.' मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मी तुला त्यांच्यासारखंच साधं सांगते. कुंडलीचं सॉफ्टवेअर खरंच होतं, खोटं नव्हतं. पण त्याच्या पोटात दुसरी एक लहानशी वस्तू बांधून दिली होती. पुढून कुंडली उघडली, तेव्हा मागून ती वस्तू आत बसली. तिने पहिलं काम काय केलं, तर रोज सकाळी मशीन सुरू झालं की आपणही सुरू व्हायचं, अशी सोय करून घेतली. दुसरं, तिने आतून बाहेर फोन लावला. म्हणजे कुणी बाहेरून कुलूप फोडून आलं नाही, आतल्याने दार उघडून हाक मारली, या. मग जो कोण तिकडे बसला होता तो माझ्या हॉलमध्ये बसल्यासारखाच. मी कुठलं बटण दाबते ते लिहून घेत होता, त्यात पासवर्ड आले. पडद्याचे फोटो काढत होता. आणि फायली एकेक करून नेत होता. नेली तरी फाइल जागेवरच दिसते, हे मला तेव्हा कळलं. पातेल्यातलं दूध गेलं तर पातेलं रिकामं दिसतं. इथे पातेलं भरलेलंच.

'त्याला मागला दार म्हनतात, बॅकडोर,' भाऊ म्हणाले. 'आमच्याकडं याला चिंबोरीचा बिल म्हनतात.' खाजणाच्या शेताला खाडीच्या बाजूने मातीचा बांध असतो, भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून. तो बांध वरून कधी फुटत नाही. चिंबोरी, म्हणजे खेकडा, त्यात बोटभर भोक पाडते. वरून बांध कोरडा, गवत हिरवं. आतून पाणी वाट करत असतं, आणि एका भरतीला तेवढा तुकडा निघून जातो. त्याला खांड पडली म्हणतात.

मी रडवेली झाले होते. म्हटलं, 'पुसून टाका हो सगळं. आत्ताच्या आत्ता.'

'पुसायचा उद्या. आज गेला काय ते सांग.'

'अहो, गेलं ते गेलं. आता काय करायचं?'

'ज्याचा गेला त्याला सांगायचा.'

अनू, विचार कर. अडीचशे घरं. प्रत्येकाला फोन करून सांगायचं, की तुम्ही विश्वासाने दिलेलं माझ्या घरातून चोरीला गेलं. मी म्हटलं, 'भाऊ, माझं केंद्र बुडेल.' ते म्हणाले, 'बुडू दे.' इतकं साधं म्हणाले, जसं कुणी सांगावं, चहात साखर नको. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांच्या गावात रीत होती. ज्याच्या वाट्याच्या बांधाला भोक दिसलं त्याने ओरडायचं. लाज धरायची नाही. हाक ऐकली की हातातलं ताट टाकून सगळा गाव चिखल आणि पेंढा घेऊन धावायचा, भांडण असलेला भाऊबंदसुद्धा. कारण माझ्या शेतातलं पाणी माझ्या शेतात थांबत नाही. एका वर्षी भाऊंच्या वडिलांना संध्याकाळी आपल्या बांधाला भोक दिसलं. नुकतंच त्यांनी चारचौघांत बढाई मारली होती, की माझा बांध बघा. म्हणून ओरडले नाहीत. म्हणाले, सकाळी मीच गुपचूप बुजवीन. सकाळपर्यंत अकरा जणांचं भात खाऱ्या पाण्यात होतं. 'तीन वरसं त्या जमिनीत भात नाय झाला,' भाऊ म्हणाले. 'बाबा घराघरात गेला, सांगला, भोक माझ्या बांदाचा व्हता. लोकांनी शिव्या घातल्या. पन पुढच्या आवनीला, भात लावायला, बोलावला त्याला. नसता सांगला तर त्याच्या बांदावर परत कोन आला नसता. खांड पडली की हाक मारायची, बाय. शेत ज्याचा त्याचा, पन पानी सगल्यांचा.'

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून हाताने यादी केली. कागदावरच, कारण मशीनवर लिहायचं नव्हतं. पासवर्डही त्यांनी त्या मशीनवरून बदलू दिले नाहीत. 'चोर बसलाय त्याच घरात नवीन किल्ली बनवतेस?' त्यांच्या सुनेच्या मोबाइलवरून बदलले. पोलिसांच्या सायबर कक्षात तक्रार द्यायला ते माझ्याबरोबर आले, तीन तास बाकड्यावर बसले, आणि तिथल्या साहेबांना प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला. मशीन पुसलं, नव्याने भरलं. तेव्हा पंख्यात साचलेलं दसऱ्याचं कुंकू निघालं. ते बघून म्हणाले, 'पूजा कर, नको कर म्हनत नाय. पन देवाला नाकातून कुंकू नको घालू.'

आणि मी फोन करत गेले. रोज दहा-बारा. भाऊ समोर बसून कुणाचं तरी मशीन खोलत असायचे, कान माझ्याकडे. मी घोळवायला लागले की स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठोकायचे. 'कुणीतरी खोडसाळपणा केला नको सांगू. माझ्याकडून झाला सांग.' एका वडिलांनी मला कोर्टात खेचायची धमकी दिली. एक आजी म्हणाल्या, 'आमच्या बंड्याची माहिती नेऊन चोर काय करणार, आम्हीच पाच वर्षं वाटतोय.' पुष्कळांनी नावं काढून घेतली. नर्मदाबाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्या मासे खारवत होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, 'बरं झालं आजच आयलीस. त्या जहाजवाल्याला पोरगी तिचे कागद पाठवनार व्हती, तिकिटासाठी म्हनं.' जाताना मला पापलेट दिलं नाही, बोंबील दिले. म्हणजे राग होता, पण संबंध ठेवला होता.

यादीत नाव झालं की मी पुढे खूण करायची. शेवटच्या दिवशी भाऊंनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. 'सगला झाला?' मी म्हटलं, 'झाला.' एक खूण खोटी होती. कुणाची ते सांगते. आधी भाऊंचं पुरं होऊ दे.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. केंद्र मी बंद केलं, पण त्यांच्या दुकानात जाऊन बसायची सवय राहिली. गेल्या वर्षी त्यांची किडनी गेली. डायलिसिसला जायचे तिथेही मशीनकडे बघत पडायचे आणि नर्सला विचारायचे, यो आवाज असाच असतो का. मी भेटायला गेले तेव्हा हात धरून म्हणाले, 'बाय, तू त्या टायमाला बरा केलास. मना वाटला नव्हता, तू सगल्यांना सांगशील.' मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी फक्त उशी सारखी केली. आठ दिवसांनी ते गेले. त्यांच्या मुलाने दुकानातली मशीनं ज्याची त्याला पोचवली. मी दहाव्याला खाडीवर गेले होते. तिथे बायका एकमेकींना सांगत होत्या, माझी वायर अजून त्यांच्याकडेच आहे.

आता ऐक. ती खोटी खूण तुझ्या नावापुढे होती.

तुझं नाव माझ्या केंद्रात होतं, आणि टिपांच्या फाइलमध्येही होतं. तुला लहानपणी झटके यायचे, गोळ्या चालू होत्या, त्यावरून पहिलं लग्न मोडलं, हे ताईने मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी ते लिहून ठेवलं. मग त्या अनोळखी माणसाचा तुला फोन आला. गोळ्या बंद झाल्या का, असं विचारलं त्याने. लग्न मोडल्यावरही गोळ्या चालू आहेत हे चौघींनाच माहीत होतं, तू, ताई, मी आणि तुझी वहिनी शुभा. तू आणि ताईने शुभाला धरलं. ती रडून सांगत होती, मी कुणाला बोलले नाही. महिन्याभरात तुझा भाऊ आणि ती कामोठ्याला वेगळे राहायला गेले. मला खरं कळलं तेव्हा ते सामान बांधत होते. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. वाटलं, ताई मला तोडेल. शुभा काय, परक्या घरची, आज ना उद्या विसरेल. असा विचार केला मी, लिहायलाही लाज वाटते.

शुभाने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. ते माझ्या मशीनमधून गेलं, माझ्या हावरटपणामुळे, आणि नंतर सात वर्षं ती माझ्या भित्रेपणामुळे चोर राहिली. काल तू म्हणालीस, 'वास्तुशांतीला वहिनीला मी बोलावणार नाही,' तेव्हा माझ्याने पुढे बोलवेना, म्हणून फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं.

आज सकाळी मी कामोठ्याला जाऊन आले. शुभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग एवढंच म्हणाली, 'अनूला सांगितलंत का?' मी म्हटलं, आज लिहिते.

ताईला मी उद्या सांगणार आहे, तू आधी सांगू नकोस, तो मार माझा मला खाऊ दे. तुझा राग येईल तो येऊ दे, पण फोनवर नको रागावूस, फोनवर मला ऐकू कमी येतं. ऑफिसात त्या लॅपटॉपचं आजच सांगून टाक, आणि पत्रिका वाटायच्या आधी एकदा ये. कामोठ्यावरून शुभाला घेऊन ये, ती तू बोलावल्याशिवाय येणार नाही. मी दुपारी कुठेही जात नाही.